डांबराचे तापमान आणि कामगाराचा श्वास

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्गावर एका मार्गिकेचा सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. या कामाची नोंद गिनेस विक्रमांत झाली. ७२० कामगार त्यासाठी रात्रंदिवस राबले. विदर्भातला तो जूनचा पहिला आठवडा होता. या दिवसांत तिथे पाऊस अजून पोहोचलेला नसतो आणि पारा बहुधा चाळिशीच्या पुढे असतो. विक्रमाच्या बातम्यांत रस्त्याची लांबी आली, वेळ आला, यंत्रांची आणि माणसांची संख्या आली. त्या माणसांच्या नाकासमोरची हवा हा बातमीचा विषय नव्हता. एरवीही तो नसतो. रस्ता किती दिवसांत झाला, किती कोटींत झाला आणि किती पावसाळे टिकला, एवढेच विचारण्याची आपली रीत आहे.

डांबरीकरण सुरू असताना तिथून जाणारा दुचाकीस्वार नाकाला रुमाल लावतो आणि अर्ध्या मिनिटात पुढे निघून जातो. पेव्हरच्या मागे दाताळे घेऊन चालणारा, थराच्या कडा फावड्याने सारखा करणारा, रोलर चालवणारा आणि टॅक कोटचा फवारा मारणारा कामगार मात्र त्याच धुरात आठ ते दहा तास असतो. ऑक्टोबरपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे वर्षातले सात-आठ महिने, त्याचा हाच दिनक्रम. एका गावचा रस्ता झाला की टोळी पुढच्या गावाला जाते आणि धूर तिच्याबरोबर जातो.

धुरात असते तरी काय?

मराठीत ‘डांबर’ या एकाच शब्दात दोन वेगळे पदार्थ आले आहेत. दगडी कोळशापासून मिळणारे ते कोलतार. कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्यांचे नाव त्यावरूनच पडले. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात शेवटी तळाशी उरते ते बिटुमेन. आज आपले रस्ते बिटुमेनचे होतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कोलतारमुळे कर्करोग होतो हे पक्के सिद्ध झालेले आहे. जपानमधल्या यामागिवा आणि इचिकावा या संशोधकांनी १९१५ मध्ये सशांच्या कानांना वारंवार कोलतार चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला होता. बिटुमेन त्या मानाने पुष्कळ सौम्य आहे. पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी असे समजण्याचे कारण नाही.

बिटुमेन थंड असते तेव्हा फारसा त्रास देत नाही. ते खडीवर नीट बसावे म्हणून दीडशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावे लागते आणि तिथून प्रश्न सुरू होतो. त्यातले हलके घटक वाफ होऊन वर येतात आणि हवेत थंड होताच त्यांचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. डोळ्यांना दिसणारा निळसर धूर तो हाच. त्यात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणजे ‘पीएएच’ या गटातली रसायने थोड्या प्रमाणात असतात. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. बंद टाकीचे झाकण उघडताना कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही बाहेर पडू शकतो. म्हणून टाकीच्या तोंडावर वाकून आत डोकावणे धोक्याचे असते.

या धुराचे तात्काळ परिणाम वादातीत आहेत. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो, डोके दुखते, मळमळते, अंगावर पुरळ उठते. काम थांबले की त्रास कमी होतो, त्यामुळे कामगार त्याला आजार म्हणतच नाही. दमा असलेल्याला मात्र हा धूर लगेच जाणवतो. रस्त्यावर धूर एकटा नसतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. खडीच्या धुळीतली सिलिका, यंत्रांच्या आणि शेजारून जाणाऱ्या वाहनांच्या डिझेलचा धूर, वरून ऊन आणि खालून तापलेला थर, हे सगळे एकाच छातीवर येते. सिलिकाची धूळ आणि डिझेलचा धूर हे दोन्ही निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत आहेत.

कर्करोगाबद्दल नेमके काय माहीत आहे

इथे भीतीही नको आणि बेफिकिरीही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये बिटुमेनच्या धुराचा सविस्तर आढावा घेतला. छतावर टाकण्यासाठी हवा फुंकून कडक केलेल्या बिटुमेनच्या कामाला संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणजे २-ए गटात टाकले. रस्त्याच्या कामातल्या बिटुमेनच्या धुराला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ म्हणजे २-बी गटात ठेवले. मॅस्टिक अस्फाल्टच्या कामालाही हाच गट मिळाला. २-बी याचा अर्थ संशयाला आधार आहे, पण माणसांवरचा पुरावा अपुरा आहे.

युरोपातील सात देश आणि इस्रायल इथल्या सुमारे ८० हजार कामगारांच्या पाहणीत बिटुमेनच्या कामावरील लोकांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू किंचित अधिक आढळले. त्यापुढच्या बारकाईच्या अभ्यासात त्याचा बराचसा दोष तंबाखूच्या धूम्रपानाकडे आणि पूर्वीच्या कोलतारकडे गेला. विज्ञान इथवर आले आहे. पण हे आकडे ज्या कामगारांचे आहेत ते बहुतांशी यंत्रांनी रस्ते करणारे, पायांत बूट असलेले आणि थंड हवेत काम करणारे होते. उघड्या बॉयलरमधले डांबर बादलीने काढणाऱ्या, गरम मिश्रण घमेल्यात घेऊन डोक्यावरून वाहणाऱ्या आणि पायांना गोणपाट गुंडाळणाऱ्या कामगाराला ते जसेच्या तसे लागू होतील असे मानता येणार नाही.

आपला कायदा या बाबतीत अगदीच अनभिज्ञ नाही. नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत डांबर, पिच, बिटुमेन आणि खनिज तेल हाताळल्याने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा उल्लेख आहे. यादीत रोग आहे, पण वीस-पंचवीस वर्षांत दहा ठेकेदारांकडे काम केलेल्या माणसाने तो कोणाच्या दारात जाऊन सिद्ध करायचा, याचे उत्तर यादीत नाही.

मास्क वाटून प्रश्न सुटेल?

अशा वेळी पहिली सूचना मास्कची येते. कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झालेल्या बांधकाम कामगारांना सुरक्षा संच मिळतो आणि तो मिळालाच पाहिजे. पण साध्या कापडाचा रुमाल किंवा ओढणी डांबराच्या वाफा अडवत नाही. एन-९५ मास्क धुरातले सूक्ष्म थेंब बऱ्याच अंशी अडवतो, वायुरूप भाग मात्र त्यातून आत जातो. दोन्ही अडवायचे तर रासायनिक गाळणी बसवलेला रबरी मास्क लागतो. तो चेहऱ्यावर घट्ट बसावा लागतो आणि गाळण्या वेळोवेळी बदलाव्या लागतात. ४२ अंशांच्या उन्हात, समोर दीडशे अंशांचे मिश्रण असताना, असा मास्क दिवसभर लावून फावडे मारणे माणसाला झेपणारे नाही. तो गळ्यात लटकतो आणि तपासणीला साहेब आले की वर चढतो. यात कामगाराच्या अडाणीपणाचा भाग कमी आणि उन्हाचा जास्त असतो.

व्यावसायिक आरोग्याचा जुना नियम असा की आधी धोका उगमापाशी कमी करावा, मग यंत्राने दूर करावा, मग कामाची पद्धत बदलावी आणि उरलेल्यासाठी माणसाला मास्क द्यावा. आपल्याकडे शेवटच्या पायरीपासून सुरुवात होते आणि बहुधा तिथेच संपते.

डांबराच्या धुराचा उगम आहे तापमानात. बिटुमेनच्या तंत्रज्ञांचा एक ढोबळ नियम आहे. तापमान दहा-बारा अंशांनी वाढले की निघणारा धूर साधारण दुप्पट होतो. व्हीजी-३० या प्रचलित प्रतीच्या बिटुमेनचे मिश्रण १५० ते १६५ अंशांच्या दरम्यान तयार व्हावे, असे आपल्याच रस्तेबांधणीच्या मानकांत आहे. तेच मिश्रण १८० अंशांवर गेले तर १५० अंशांच्या तुलनेत धूर पाच-सहा पट होऊ शकतो. एवढी वाढ साध्या डोळ्यांनाही कळते. मिश्रणाच्या गाडीतून निळ्या धुराचे लोट उठत असतील तर माल जास्त तापला आहे, हे अनुभवी मुकादमाला सांगावे लागत नाही.

मग जास्त तापवतात का? हॉटमिक्स प्लांट कामापासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर असतो. वाटेत माल थंड होतो आणि थंड माल रोलरखाली दबत नाही. म्हणून निघतानाच वीस-तीस अंश जादा द्यायचे, हा सोपा मार्ग निवडला जातो. गाडीवर जाड ताडपत्री घट्ट बांधली, गाड्यांच्या फेऱ्या कामाच्या वेगाशी जुळवल्या आणि प्रत्येक गाडीचे तापमान चलनावर लिहिले, तर ही जादा उष्णता देण्याची गरज पुष्कळ कमी होते. यासाठी लागणारा थर्मामीटर ही फार महागडी वस्तू नाही.

इतरांनी काय केले

अमेरिकेत व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची राष्ट्रीय संस्था, यंत्र बनवणाऱ्या कंपन्या, रस्ते व्यावसायिक आणि कामगार संघटना एकत्र बसल्या. पेव्हरमध्ये जिथे गरम मिश्रण पसरवले जाते तिथेच धूर ओढून घेणारी आणि चालकाच्या डोक्यावरून उंच सोडणारी व्यवस्था त्यांनी ठरवली. १ जुलै १९९७ नंतर तिथे बनणाऱ्या महामार्गावरच्या मोठ्या पेव्हरवर ती बसवण्याचे उत्पादकांनी मान्य केले. ती व्यवस्था चाचणीत किमान ८० टक्के धूर पकडू शकली पाहिजे, अशी अट होती. जर्मनीने बिटुमेनच्या वाफा आणि थेंबांसाठी कामाच्या जागेच्या हवेत घनमीटरमागे १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. मॅस्टिक अस्फाल्ट कमी तापमानात टाकण्याकडे तिथला उद्योग त्याआधीच वळला होता.

सर्वांत दूरगामी बदल मात्र ‘वॉर्म मिक्स’चा आहे. मिश्रणात विशिष्ट रसायन किंवा मेण घालून, अथवा अगदी थोड्या पाण्याने बिटुमेनला फेस आणून, ते २० ते ४० अंश कमी तापमानात खडीवर बसवता येते आणि नीट दाबताही येते. १९९०च्या दशकात युरोपात सुरू झालेले हे तंत्र आता जगभर वापरात आहे. वरचा ढोबळ नियम लावला तर २५ अंशांच्या घटीने धूर जवळपास चौथाईवर येतो. एवढे काम कोणताही मास्क करत नाही. इंधनही वाचते. इंडियन रोड्स काँग्रेसने वॉर्म मिक्सची मार्गदर्शक तत्त्वे २०१४ मध्येच प्रसिद्ध केली. त्याच वर्षी बिटुमेनच्या इमल्शनवर चालणाऱ्या ‘कोल्ड मिक्स’चीही तत्त्वे आली. त्यात मिश्रण तापवावेच लागत नाही. ज्ञान परदेशात आहे आणि आपल्याकडे नाही, अशी सबब त्यामुळे उरत नाही.

लहान कामांचे काय?

महामार्गावरचा पेव्हर हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे. तिथे मोठी यंत्रे आहेत, अभियंते आहेत, नोंदी आहेत. अवघड भाग जिल्हा परिषदेच्या दोन किलोमीटरच्या रस्त्यावर आणि पावसाळ्यानंतरच्या खड्डे बुजवण्यात आहे. तिथे रस्त्याकडेला बॉयलर किंवा नुसते पिंप चुलीवर ठेवलेले असते. खाली लाकूड, कुठे जुने टायर जळत असतात. तापमान मोजायला काही नसते, डांबर ‘उकळले’ की झाले. टायरच्या धुराने त्यात आणखी विष मिसळते. मुंबईत पुलांवर आणि खड्ड्यांसाठी वापरले जाणारे मॅस्टिक तर दोनशे अंशांच्या आसपास शिजवावे लागते. ते पसरवणारा माणूस गुडघ्यांवर बसून, तोंड त्यापासून दोन-अडीच फुटांवर ठेवून काम करतो.

या कामांसाठी स्वस्त उपाय आहेत. खड्डे बुजवायला शक्य तिथे इमल्शनचे थंड मिश्रण वापरावे. बॉयलरला झाकण आणि तापमापक असावा. टायर, प्लास्टिक आणि जुने ऑइल जाळण्यावर बंदी असावी. बॉयलर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा, म्हणजे धूर माणसांवर येणार नाही. टॅक कोट भोके पाडलेल्या डब्याने न शिंपडता नळीच्या फवारणीने मारावा. धुराजवळच्या जागांवर माणसे दोन-दोन तासांनी बदलावीत. मिश्रण वाहायला घमेल्याऐवजी हातगाडी द्यावी, म्हणजे स्त्रियांच्या डोक्यावरचा आणि चेहऱ्याजवळचा तापलेला माल तरी खाली येईल.

त्वचेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पीएएच रसायने श्वासातून जातात तशी कातडीतूनही शरीरात जातात. कामगार मात्र हातापायाला चिकटलेले डांबर डिझेलने किंवा रॉकेलने धुतात. फावड्यांना आणि रोलरलाही डिझेलच लावतात. डिझेल त्वचेचे संरक्षक तेल धुऊन टाकते आणि रसायनांना आत जायला वाट करून देते. त्यात स्वतःचीही अशी रसायने असतात. अमेरिकेत डांबरीकरणाच्या कामगारांवर झालेल्या अभ्यासात डिझेलऐवजी वनस्पतिजन्य बायोडिझेल वापरल्यावर आणि मिश्रणाचे तापमान उतरवल्यावर त्वचेवरची ही रसायने कमी झालेली दिसली. हात स्वच्छ करायला खाद्यतेल आणि मग साबण-पाणी पुरते. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, हातमोजे, बूट आणि जेवणाआधी हात धुण्यापुरते पाणी या चार गोष्टी प्रत्येक कामावर देता येतात.

गरम डांबर अंगावर सांडले तर ते ओढून काढू नये. सोबत कातडी निघून येते. भाजलेल्या भागावर लगेच थंड पाणी किमान वीस मिनिटे ओतावे, बर्फ, डिझेल, रॉकेल काही लावू नये आणि चिकटलेल्या थरासह रुग्णालयात न्यावे. तो थर तिथे तेलकट मलमाने सावकाश काढता येतो.

खर्च, दर्जा आणि निविदा

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल. वॉर्म मिक्सचे रसायन फुकट मिळत नाही, हे खरे. पण कामगाराचे फुप्फुस आणि रस्त्याचा दर्जा यांचे वैर नाही. जास्त तापवलेले बिटुमेन ऑक्सिजनशी संयोग पावून कडक आणि ठिसूळ होते. असा रस्ता लवकर तडकतो, तड्यांतून पाणी शिरते आणि खड्डे पडतात. ज्या बेपर्वाईने धूर वाढतो तिनेच रस्त्याचे आयुष्यही घटते. पुण्यातला जंगली महाराज रस्ता १९७०च्या दशकात झाला आणि दशकानुदशके टिकला, याचे दाखले आजही दिले जातात. चांगल्या कामाची आठवण लोक इतकी जपतात, तर चांगल्या कामात तापमानाची शिस्तही येते, हे त्यांना पटवणे कठीण जाऊ नये.

दुसरा आक्षेप दर्जाच्याच बाजूने येईल. तापमान कमी केले तर रस्ता दबणार नाही, अशी अभियंत्यांची भीती असते. नेहमीचे मिश्रण नुसतेच थंड टाकले तर ती भीती रास्त आहे. म्हणूनच मागणी दोन भागांची आहे. नेहमीच्या मिश्रणाने मानकातली वरची मर्यादा ओलांडू नये, आणि त्याहून खाली यायचे तर वॉर्म मिक्सचे तंत्र वापरावे.

ठेकेदाराच्या भलेपणावर हे सोडून चालणार नाही. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते तिथे जो स्वतःहून खर्च करील तो स्पर्धेत मागे पडेल. म्हणून अट निविदेतच हवी आणि ती सर्वांना सारखी हवी. सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका आणि जिल्हा परिषदा यांनी चार कलमे घालावीत. प्रत्येक गाडीच्या तापमानाची नोंद आणि मर्यादेपेक्षा जास्त तापलेला माल परत. शहरातल्या आणि बोगद्यातल्या कामांना वॉर्म मिक्स सक्तीचे. नव्या पेव्हरवर धूर ओढणारी व्यवस्था. आणि कामावर पाणी, सावली व हात धुण्याची सोय. कनिष्ठ अभियंता थराची जाडी मोजतो त्याच वहीत तापमानाचा एक रकाना वाढवायचा आहे.

आरोग्य तपासणीसाठी पैसा नाही, असेही म्हणता येत नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला, त्यात रस्त्याचे काम स्पष्टपणे येत होते आणि बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठीच घेतला जातो. अडचण नोंदणीची आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला जिल्हे बदलत फिरणाऱ्या टोळीला मिळत नाही. ज्या खात्याचे काम तिने केले त्याच खात्याने देयक काढताना तो दाखला द्यावा, म्हणजे हा प्रश्न बराचसा सुटेल.

डॉक्टरांचाही यात वाटा आहे. सरकारी दवाखान्यात खोकल्याचा कामगार आला की क्षयाची तपासणी होते आणि ती व्हायलाच हवी. ती निकोप आली की औषधाची पुडी देऊन त्याला पाठवले जाते. इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी तीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुमचा धंदा कोणता?’ हेही विचारावे. केसपेपरवर ‘मजुरी’ लिहून हे उत्तर पुरे होत नाही. डांबराच्या कामावर आहे, किती वर्षे आहे, काम बंद असताना त्रास कमी होतो का, या तीन ओळी लिहिल्या गेल्या तर निदान सुधारेल आणि दहा वर्षांनी या राज्यातल्या कामगारांची खरी माहितीही हाती असेल.

पावसाळा संपला की डांबरीकरणाची नवी कामे निघतात आणि त्यांच्या निविदांचा मसुदा त्याआधी तयार होतो. तापमानाची अट घालायची वेळ ती. एकदा प्लांट पेटला की कामगाराच्या हातात फावड्याखेरीज काही उरत नाही.